न उडालेला पक्षी : कॅन्टोनी मेजावरील कबुतराचा इतिहास

कॅन्टोनी खानावळींच्या पदार्थसूचीत कबुतराला एक खास शब्द आहे. त्याचा अक्षरशः अर्थ 'दूध-कबूतर' असा होतो. मँडरिनमध्ये त्याचा उच्चार 'रू-ग' आणि कॅन्टोनीत 'यू-काप' यांच्या जवळपास होतो. अंगावर धरलेल्या तान्ह्या मुलाला जसे आपण 'दूधपिते' म्हणतो, तसेच हे दूधपिते पाखरू. घरट्याबाहेर न पडलेले आणि एकदाही न उडालेले. हाँगकाँगमधील शा टिन किंवा ग्वांगदोंग प्रांतातील झोंगशान येथे केवळ या एका पाखरासाठी प्रसिद्ध असलेल्या खानावळी आहेत. तेथे येणारा पाहुणा, आणि विशेषतः परदेशी प्रवासी, आपण हजारो वर्षांच्या चिनी परंपरेचा आस्वाद घेत आहोत अशा समजुतीने हात पुढे करतो. ही समजूत तपासून पाहावी, हा या लेखाचा हेतू. आमच्या मते त्या ताटलीतील परंपरा फारशी जुनी नाही. पण ती जेवढी आहे तेवढी अतिशय गुंतागुंतीची आहे, आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो.

ग्रंथांतील कबूतर

चीनमध्ये कबूतर पाळण्याची चाल प्राचीन आहे. तांग काळातील मंत्री झांग जिउलिंग (६७८–७४०) याने कबुतरांकरवी पत्रव्यवहार केला आणि त्यांना 'उडते सेवक' असे नाव दिले, अशी आख्यायिका जुन्या ग्रंथांत येते. पुढे शौकिनांनी कबुतरांच्या जाती, रंग, चाल आणि आजार यांवर लिहिले. सतराव्या शतकात शानदोंगमधील झोउपिंग गावच्या झांग वानझोंग याने रचलेला 'कपोतशास्त्र' म्हणता येईल असा ग्रंथ हा या विषयावरील सर्वांत जुन्या उपलब्ध चिनी ग्रंथांपैकी एक मानला जातो. बीजिंगमध्ये कबुतरांच्या शेपटीला बांबूच्या व भोपळ्याच्या हलक्या शिट्या बांधण्याची पद्धत होती; थवा उडाला की आकाशात सूर उमटत. वांग शिश्यांग (१९१४–२००९) या कलाभ्यासकाने या शिट्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

म्हणजे कबूतर दूत होते, छंद होते, वाद्य होते. अन्नही होतेच, पण मुख्य अन्न नव्हे. कवी युआन मेई याच्या १७९२ सालच्या प्रसिद्ध पाकग्रंथात कबुतराची नोंद आहे. उत्तम हॅमबरोबर ते मंद आचेवर शिजवावे, एवढेच तो सांगतो. बदकासाठी, डुकराच्या मांसासाठी पाने खर्च करणारा हा रसिक कबुतराला दोन ओळींत आटोपतो. 'लाल महालाचे स्वप्न' या अठराव्या शतकातील कादंबरीच्या चाळिसाव्या प्रकरणात कबुतराची अंडी येतात. खेड्यातून आलेल्या लिऊ आजीला हस्तिदंती जड काड्या देऊन ती उचलायला लावतात. अंडे निसटते, जमिनीवर पडते, आणि एकेका अंड्याची किंमत चांदीचे एक नाणेभर असल्याचे तिला हसत हसत सांगितले जाते. ते अंडे तेथे अन्न म्हणून आलेले नाही; श्रीमंतीची खूण म्हणून आले आहे, आणि गरीब पाहुणीची फजिती करण्याचे साधन म्हणून.

परंतु या विषयावरील सर्वांत बोलके साहित्य पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या अद्भुतकथांच्या संग्रहात सापडते. त्यातील एक कथा वर सांगितलेल्या झोउपिंग गावातच घडते. कबुतरांचे वेड असलेल्या एका श्रीमंत तरुणाला एक गूढ युवक दोन अपूर्व पांढरी कबुतरे देतो. तरुण ती जिवापाड जपतो. त्यांची वीण वाढते. वडिलांचे स्नेही असलेले एक वजनदार अधिकारी सहज कबुतरांची चौकशी करतात. त्यांना कबुतरे आवडत असावीत असे समजून, आणि सामान्य भेट देणे बरे दिसणार नाही म्हणून, तरुण मोठ्या कष्टाने त्या वाणातील दोन पांढरी कबुतरे त्यांना देतो. काही दिवसांनी भेट झाल्यावर तो उत्सुकतेने विचारतो. उत्तर मिळते की पक्षी चांगले पुष्ट होते. अधिकाऱ्याने ते शिजवून खाल्ले होते. ती साधी कबुतरे नव्हती, असे तरुण कळवळून सांगतो, तर अधिकारी आठवून म्हणतो की चवीत काही फरक जाणवला नाही. त्या रात्री गूढ युवक स्वप्नात येऊन तरुणाला दोष देतो आणि सकाळी त्या वाणाची सर्व कबुतरे उडून जातात.

ही कथा मांसाहाराच्या निषेधाची आहे असे आम्हांला वाटत नाही. तिचा रोख दृष्टीवर आहे. एकच पक्षी एकाला रत्न दिसतो, दुसऱ्याला रस्सा. आणि सत्ता दुसऱ्याच्या हाती असते. दोष मात्र स्वप्नातला युवक खाणाऱ्याला देत नाही, देणाऱ्याला देतो. ज्याला किंमत कळत होती त्यानेच पक्षी अयोग्य हाती सोपवले, हा त्याचा अपराध.

शिबीचा तराजू

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी शिबी राजाची आठवण येणे स्वाभाविक आहे. ससाण्याच्या तावडीतून सुटून मांडीवर आलेल्या कबुतराच्या भारोभार स्वतःचे मांस तोडून देणारा राजा महाभारतात आहे, बौद्ध कथांतही आहे. बौद्ध कथांबरोबर तो मध्य आशियामार्गे चीनमध्ये गेला. दुनह्वांग येथील मोगाव लेण्यांपैकी २५४ क्रमांकाच्या लेण्यात, उत्तर वेई राजवटीच्या काळात, ही कथा भिंतीवर चितारली गेली. आपल्याकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातही शिबीची कथा चित्ररूपाने आहे. दोन टोकांच्या दोन लेण्यांत एकच कबूतर आश्रयाला आलेले दिसते.

हे साम्य सांगून भारत अहिंसक आणि चीन मांसाहारी असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. कबूतर वाचवण्याची कथा चीनने आपली म्हणून भिंतीवर काढली. आणि कबूतर व पारवा खाणारे लोक भारतातही होते व आहेत. संस्कृती अशा एका रंगाच्या नसतात. प्रश्न एवढाच उरतो की, ग्रंथांत दूत, छंद आणि आश्रित म्हणून वावरणारा हा पक्षी पर्ल नदीच्या मुखाकडील प्रदेशात एका विशिष्ट काळात मेजाचा मानकरी का झाला?

परदेशी कोठीतला स्वयंपाकी

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात एका 'पाश्चात्त्य' खानावळीपासून करावी लागते. ग्वांगजौमध्ये १८६० साली छुई लो-को नावाच्या स्वयंपाक्याने 'ताई पिंग कून' ही खानावळ सुरू केली. तो आधी परदेशी व्यापारी कंपनीच्या कोठीत स्वयंपाक करीत असे. तेथे शिकलेली पाश्चात्त्य पद्धत त्याने चिनी गिऱ्हाइकांच्या जिभेला रुचेल अशी वळवली. लोण्याच्या जागी सोया सॉस आला. चिनी मालकीच्या पहिल्या पाश्चात्त्य खानावळींत तिची गणना होते, आणि तिचा नावाजलेला पदार्थ होता खरपूस भाजलेले कबुतराचे पिल्लू. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, कबुतराची कोवळी पिल्ले भाजून खाण्याची रीत जुनी आहे. तेव्हा ज्याला आज निखळ कॅन्टोनी समजले जाते त्या पदार्थाच्या जन्मकथेत परदेशी साहेबाच्या मुदपाकखान्याचाही वाटा आहे.

१८६० हे साल काही साधे नव्हे. दुसरे अफूयुद्ध त्याच वर्षी संपले. ग्वांगजौच्या परदेशी कोठ्या १८५६ साली जळाल्या होत्या आणि शामिआन या भर घातलेल्या बेटावर इंग्रज व फ्रेंच यांची नवी वसाहत उभी राहत होती. या साऱ्या व्यापाराचा एक मोठा आधार मुंबई बंदर होते. कापूस आणि माळव्याची अफू मुंबईहून कॅन्टनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या आणि त्यांची संपत्ती प्रामुख्याने याच व्यापारातून उभी राहिली. त्या संपत्तीतून त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीवर मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. आणि त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. अफूच्या पैशाने एकीकडे ग्वांगजौच्या कोठ्यांची मुदपाकखाने चालली, आणि दुसरीकडे शिबीची कथा ज्या लेण्यांत आहे तेथील चित्रे जगासमोर आली. इतिहासाला अशा गाठी मारण्याची सवय असते; त्या सोडवून 'हे आपले' आणि 'ते परक्याचे' असे वेगळे करू गेल्यास हाती फक्त सुटे धागे राहतात.

ताई पिंग कूनचे पुढचे आयुष्यही असेच घडामोडींचे आहे. चौ एन-लाय आणि देंग यिंगचाव यांचा विवाह १९२५ साली ग्वांगजौमध्ये झाला, तेव्हा त्यांची मेजवानी येथेच झाली, असे सांगितले जाते. जपानी आक्रमणाच्या सुमारास, १९३८ मध्ये, खानावळीची शाखा हाँगकाँगला आली. लोक जसे निर्वासित होतात तसे पदार्थही होतात.

परतलेल्यांचे पक्षी

दुसरा धागा झोंगशानचा. पूर्वी या परगण्याला श्यांगशान म्हणत. सन यत-सेन यांच्या निधनानंतर १९२५ साली त्याचे नाव त्यांच्या स्मरणार्थ बदलले गेले. या परगण्यातून एकोणिसाव्या शतकात असंख्य माणसे हवाई, कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया येथे मजुरीला, खाणींत आणि फळांच्या व्यापारात गेली. तेथे त्यांचे स्वागत कसे झाले हे कायद्यांच्या नावांवरूनच कळते. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, तो १९४३ पर्यंत टिकला. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली गोरेतरांना दूर ठेवण्यासाठी स्थलांतरबंदीचा कायदा केला. अनेकांना परतावे लागले, अनेकजण स्वेच्छेने परतले. येताना त्यांनी पैसा आणला, कल्पना आणल्या. सिडनीत फळांचा व्यापार केलेल्या श्यांगशानच्या माणसांनीच हाँगकाँगमध्ये १९०० साली 'सिन्सिअर' आणि १९०७ साली 'विंग ऑन' ही भव्य दुकाने उघडली आणि पुढे शांघायच्या नानजिंग रस्त्याचे रूप पालटून टाकले.

याच परतणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत परदेशातील मोठ्या अंगाची, मांसासाठी वाढवलेली कबुतरे गावी आणली. स्थानिक कबुतरांशी त्यांचा संकर झाला आणि परगण्याचे मुख्य ठाणे असलेल्या शिछीच्या नावाने 'शिछी कबूतर' ही जात प्रसिद्ध झाली. छाती रुंद, हाडे बारीक, मांस भरपूर. आज ज्या पक्ष्याला ग्वांगदोंगची खासियत म्हणून मिरवले जाते त्याच्या रक्तात अशी परदेशी सरमिसळ आहे. ज्यांना परक्या देशाच्या दारातून मागे ढकलले गेले त्यांनी त्या देशाचा पक्षी आपल्या मातीत रुजवला, आणि तीन पिढ्यांत तो 'पारंपरिक' झाला. दुकानांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिले जातात. कबुतराच्या वाट्याला पदार्थसूचीतील एक ओळ येते. परंतु स्थलांतराचा इतिहास दोन्हींत सारखाच आहे.

दूध आणि हिशेब

या पक्ष्याचे 'दूध' हे केवळ कवित्व नव्हे. कबुतराच्या जोडप्यात नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील अन्नाच्या पिशवीत पिल्लांसाठी दाट, दह्याच्या चोथ्यासारखा स्राव तयार होतो. पहिले काही दिवस पिल्लू केवळ त्यावरच जगते. सस्तन प्राण्यांच्या दुधाला कारण होणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक येथेही काम करते. किंबहुना १९३०च्या दशकाच्या आरंभी ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध कबुतराच्या गळ्यावर होणाऱ्या परिणामावरूनच घेतला. मादी एका वेळी दोन अंडी घालते, ती साधारण १७–१८ दिवसांत उबतात, आणि पिल्लू तीन-चार आठवड्यांत जवळजवळ आईबापांएवढे होते. त्याच वेळी, पंखांचे स्नायू कामाला लागून निबर होण्याआधी, त्याला मारतात. मांसाचा कोवळेपणा म्हणजे न झालेले उड्डाण होय.

यातून एक आर्थिक वस्तुस्थिती निघते. कोंबडीचे पिल्लू अंड्यातून निघताच दाणे टिपते, म्हणून लाखो पिल्ले यंत्राच्या उबेत वाढवता येतात. कबुतराच्या पिल्लाला आईबाप लागतात. अंडी यंत्रात उबवली तरी पाजण्यासाठी जोडपे हवे. आणि एक जोडपे वर्षाकाठी डझनभर किंवा त्याहून थोडी अधिक पिल्ले देते. त्यामुळे कबूतर कोंबडीइतके स्वस्त कधीच झाले नाही. 'एक कबूतर नऊ कोंबड्यांना भारी' ही चिनी म्हण पौष्टिकतेविषयी असली, तरी तिच्यात किंमतीचीही सावली आहे.

एकनाथी भागवताच्या (१५७३) सातव्या अध्यायात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक कपोत आहे. पिल्ले पारध्याच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागे कपोती जाते, आणि तिच्यामागे कपोत स्वतःला झोकून देतो. अवधूताला त्यात आसक्तीचा विनाशकारी परिणाम दिसतो. ढाबळीच्या मालकाला त्याच जोडप्याच्या त्याच मायेत उत्पादनाचे साधन दिसते. पिल्लाला सोडून न जाणारे आईबाप नसते तर हा व्यवसायच शक्य झाला नसता. गुरूचा बोध आणि धंद्याचा हिशेब यांना आधारभूत असलेले निरीक्षण मात्र एकच आहे, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावते.

शा टिनचे मेज

आता प्रत्यक्ष मेजाकडे वळू. हाँगकाँगचे शा टिन हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भातशेतीचे खोरे होते. १९१० साली कौलून–कॅन्टन रेल्वे सुरू झाली आणि शहरातील माणूस सुटीच्या दिवशी येथे येऊ लागला. मंदिरांचे दर्शन, डोंगरावर चढणे, आणि उतरल्यावर कोंबडीची पेज किंवा तळलेले कबूतर, असा तो बेत असे. तेथील 'लुंग वा हॉटेल' १९३८ साली खासगी बंगला म्हणून बांधले गेले आणि १९५१ पासून हॉटेल म्हणून चालू लागले. चित्रपटांच्या चमूंचा तेथे राबता असे. लोकप्रिय कादंबरीकार जिन योंग यांनी आपल्या पहिल्या कादंबरीचे, १९५५ साली वृत्तपत्रातून क्रमशः आलेल्या लेखनाचे, काही काम येथे बसून केले, अशी त्या वास्तूची आख्यायिका आहे. १९८५ मध्ये राहण्याच्या खोल्या बंद झाल्या. कबूतर मात्र राहिले.

कृती दोन टप्प्यांची असते. आधी पिल्लू चक्रीफूल, दालचिनी, ज्येष्ठमध आदी मसाल्यांच्या सोयायुक्त रश्श्यात मुरवून शिजवतात. हा रस्सा पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि त्याच्या जुनेपणाचा खानावळीला अभिमान असतो. मग कातडीला माल्ट-साखर व व्हिनेगर यांचे मिश्रण लावून पक्षी वाऱ्यावर टांगून सुकवतात आणि शेवटी तेलात तळतात किंवा त्यावर उकळते तेल ओततात. कातडी लाखेच्या रंगाची, पातळ आणि कुरकुरीत होते; आतील मांस गडद व रसाळ राहते. सोबत मसाल्याचे मीठ आणि लिंबाची फोड. पक्षी चिरून पण डोक्यासह येतो. काड्यांनी जेवणाऱ्या या समाजात कबूतर हातानेच खातात; कोठे प्लॅस्टिकचे हातमोजे देतात, कोठे बोटे धुवायला चहाचे पाणी. खास कबुतराच्या खानावळीत याशिवाय बारीक चिरलेले मांस परतून सॅलडच्या पानात गुंडाळलेले, औषधी मुळे घालून तासन्‌तास शिजवलेले सूप, मिठात भाजलेले पिल्लू असे प्रकार येतात. मेज गोल असते, माणसे तीन पिढ्यांची असतात, आणि मांडी कोणाला मिळावी यावरून घरातील मानपान कळतो.

हे सुख अबाधित राहिले नाही. १९७०च्या दशकात शा टिनमध्ये खाडीत भर घालून नवे शहर उभारण्यात आले. सुमारे तीस हजार वस्तीच्या खोऱ्यात आज सहा लाखांहून अधिक माणसे राहतात. भाताची खाचरे गेली, रानात जेवायला येण्याचे निमित्तच गेले. त्यानंतर रोग आले. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच-५-एन-१ या पक्षिज्वराने प्रथमच माणसांना ग्रासले. अठरा जणांना लागण झाली, सहा दगावले, आणि वर्षाच्या अखेरीस तेरा लाखांच्या आसपास कोंबड्या व अन्य पक्षी मारण्यात आले. २००३ साली सार्सने खानावळी ओस पाडल्या. २०१३ च्या एप्रिलमध्ये एच-७-एन-९ विषाणू शांघायच्या बाजारातील कबुतराच्या नमुन्यात सापडला. ज्या पक्ष्याला शक्तिवर्धक म्हणून बाळंतिणीला व आजाऱ्याला देत, तोच संशयित झाला.

मुंबईकर वाचकाला हा बदल अपरिचित वाटू नये. दादरच्या कबुतरखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकणे हे पुण्य होते. २०२५ साली श्वसनविकारांच्या कारणाने त्यावर बंदी आली आणि श्रद्धा व आरोग्य यांचा वाद न्यायालयात व रस्त्यावर लढला गेला. एका शहरात पक्षी खाल्ला जातो, दुसऱ्यात चारला जातो; दाटीवाटीच्या शहराने दोन्ही नाती सारखीच अवघड केली.

तात्पर्य

साहित्याच्या अभ्यासात 'परंपरा' हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. एखाद्या ओवीचा, एखाद्या आख्यानाचा उगम जितका मागे नेता येईल तितके त्याचे मोल वाढते अशी आपली धारणा असते. खाद्यपदार्थांविषयी तर हा आग्रह अधिकच. तळलेल्या कबुतराचे उदाहरण या धारणेला छेद देते. या पदार्थाचे वय जेमतेम दीडशे वर्षांचे. परक्या कोठीत राबलेला स्वयंपाकी, परक्या देशांनी नाकारलेले मजूर, युद्धाने हुसकावलेले खानावळवाले आणि सुटीत रेल्वेने येणारे शहरी कुटुंब यांनी मिळून तो घडवला. त्याला प्राचीन म्हटले की ही सर्व माणसे नाहीशी होतात आणि राहते ते एक निनावी, कालातीत 'चिनी संस्कृती'. तसे म्हणण्याने चीनचा गौरव होत नाही. झोंगशानच्या त्या परतलेल्या माणसाचा मात्र विसर पडतो, ज्याने आगबोटीवरून पिंजरा सांभाळत आणला होता.

पू सोंगलिंगच्या कथेतील अधिकाऱ्याची चूक त्याने पक्षी खाल्ला ही नव्हतीच. आपण काय खाल्ले हे त्याला ठाऊक नव्हते आणि सांगितल्यावरही त्याला फरक पडला नाही, ही होती. इतिहास वाचणाऱ्याने निदान तेवढी चूक करू नये. ताटलीतील पक्षी खावा की न खावा हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु तो कोठून आला, कोणाच्या हातून आला आणि तो का उडाला नाही, हे विचारल्यावाचून उठू नये.